चिरलेल्या बोटातला करंट

भाजी चिरताना बोट कापलं की रक्त येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच चिरेतून वीजही बाहेर पडते, हे मला साठी उलटल्यावर कळलं आणि तेव्हापासून मला चैन नाही. वीज म्हणजे खरोखरची वीज, मीटरवर मोजता येणारी, मायक्रोअँपिअरमध्ये वाचता येणारी. कातडीला चीर पडली की लगेच हा प्रवाह सुरू होतो, जखम भरत येईल तसा मंदावतो आणि कातडी पुन्हा सलग झाली की थांबतो. बरं, ही नुसती गळती नाही! जखम बुजवायला निघालेल्या पेशी या विजेवरूनच ओळखतात, की कोणत्या बाजूला सरकायचं.

माझं सगळं आयुष्य वीज खात्यात गेलं. सबस्टेशन, फीडर, ट्रान्सफॉर्मर, पावसाळ्यात रात्री-अपरात्री फॉल्ट शोधत लाइनवर फिरणं. वीज आणि माणसाचं अंग यांची गाठ पडू द्यायची नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. घरातली ईएलसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला ट्रिप होते ती त्यासाठीच. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या पायाला "आपण थोडा करंट देऊन बघू" असं फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "किती मिलिअँपिअर?"

अक्काच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला व्हेरिकोज व्हेन्समुळे झालेली जखम होती. रुपयाच्या नाण्याहून मोठी, कडा पांढुरक्या, आणि कित्येक महिने जैसे थे. अशा जखमेचा मुख्य उपचार म्हणजे पायाला दाब देणारी घट्ट पट्टी. ती चालूच होती आणि पुढेही चालू राहिली. सर्जननी त्याच्या जोडीला हा उपाय सुचवला होता.

पहिल्या दिवशी मी खुर्ची पुढे ओढून बसलो. मॅडमनी सलाइनने जखम धुतली. मलमाचा अंशही राहू दिला नाही. मग सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज हलकं पिळून जखमेच्या खळग्यात अलगद बसवलं, त्यावर काळ्या रबराचं छोटं इलेक्ट्रोड ठेवलं आणि वरून पट्टी गुंडाळली. दुसरं इलेक्ट्रोड चांगलं तळहाताएवढं. ते ओल्या कापडासकट पोटरीच्या वर लावलं. मशीन चालू करून त्या नॉब हळूहळू फिरवायला लागल्या. "आजी, मुंग्या आल्या की सांगा."

अक्का म्हणाली, "आल्या गं. पण काळ्या आहेत, चावत नाहीत."

मॅडमनी तिथेच नॉब थांबवला. मी मान वाकडी करून मशीनचा डिस्प्ले वाचत होतो. व्होल्टेज शंभराच्या पुढे! माझा चेहरा बघून त्यांनी समजावलं. सेकंदाला शंभर ठोके, पण एकेक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही छोटा. सरासरी काढली तर करंट मिलिअँपिअर-दीड मिलिअँपिअरच्या वर जात नाही. मी विचारलं, "म्हणजे एसी का?" तर म्हणाल्या, "नाही काका, एसी चालणार नाही. सगळे ठोके एकाच दिशेने द्यायचे. शरीराचा स्वतःचा करंट एकाच दिशेने वाहतो ना, आपण त्याला फक्त जोड देतोय."

शरीराचा स्वतःचा करंट! त्या एका वाक्याने मला कामाला लावलं. त्या रात्रीपासून मी वाचत सुटलो आहे. इंजिनिअर भाच्याकडून शोधनिबंध मागवतो, ओळखीच्या डॉक्टरांना अडलेले शब्द विचारतो, आणि दर चार पानांनी उठून कुणाला तरी सांगायला जातो.

गॅल्व्हानीचा बेडूक आपण शाळेत शिकतो. इटलीतल्या बोलोन्याच्या या प्राध्यापकाने १७९१ मध्ये जाहीर केलं की प्राण्यांच्या अंगात वीज असते. व्होल्टा म्हणाला, छे, वीज आहे ती तुमच्या दोन धातूंच्या जोडात. या वादातून पुढे १८०० मध्ये व्होल्टाची बॅटरी जन्मली, आणि शाळेतली गोष्ट तिथेच संपते. पण १७९४ मध्येच धातू अजिबात न वापरता, बेडकाची कापलेली नस त्याच्याच स्नायूला टेकवून पाय उडवून दाखवला गेला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ही वीज येत होती ती कापलेल्या, म्हणजे जखमी झालेल्या टोकामुळे. पुढे १८४० च्या दशकात पिसाच्या कार्लो मात्तेउचीने बेडकांच्या मांड्या कापून अशा रचल्या की एकीची कापलेली बाजू दुसरीच्या अखंड बाजूला टेकेल. जितक्या मांड्या जास्त, तितका गॅल्व्हानोमीटरचा काटा जास्त हलला. सीरिजमध्ये जोडलेले सेल, दुसरं काय!

पण माझा खरा माणूस आहे बर्लिनचा एमिल द्यु बुआ-रेमाँ. जेमतेम पंचविशीचा पोरगा. एवढा सूक्ष्म प्रवाह दाखवणारं मीटर तेव्हा बाजारात कुठलं मिळायला? तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असलेला गॅल्व्हानोमीटर त्याने सिद्ध केला. आणि १८४३ मध्ये स्वतःच्या बोटाला झालेल्या जखमेतून बाहेर पडणारा करंट मोजला. साधारण एक मायक्रोअँपिअर. मोबाइलच्या चार्जरमधून एक-दोन अँपिअर जातात, त्याच्या दहा लाखाव्या भागाएवढा हा प्रवाह. मी डिजिटल मीटर हातात घेऊन नोकरी केली. काट्याची थरथर डोळ्यांनी वाचून हा आकडा काढणं काय असतं, ते मला कळतं. त्या पोराला माझा साष्टांग नमस्कार.

आता ही वीज येते कुठून? इथे मात्र मला थांबून नीट सांगायचं आहे, कारण हा भाग वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आपल्या कातडीचा वरचा थर ही एक बॅटरी आहे. रसायनाने भरलेला डबा नव्हे, अंगभर पसरलेली पातळ चादर. या थरातल्या पेशी बाहेरच्या बाजूने सोडियमचे धन आयन आत घेतात आणि खालच्या, शरीराच्या बाजूने बाहेर ढकलतात. ढकलण्याचं काम करतात पेशींच्या आवरणात बसलेले पंप. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, असं रात्रंदिवस चालू. पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की ढकललेले आयन सहजासहजी परत येऊ शकत नाहीत. परिणाम असा की कातडीची आतली बाजू धन, बाहेरची ऋण. दोन्हींत काही दहा मिलिव्होल्टचा फरक. ठिकाणाप्रमाणे तो कमीजास्त होतो, पण असतो सगळीकडे. तुमच्या, माझ्या, अक्काच्या.

या चादरीला भोक पडलं की काय होईल? आमच्या क्षेत्रातल्या कुठल्याही वायरमनला विचारा. इन्सुलेशन फाटलं, शॉर्ट झाला! आत दाटून राहिलेल्या धन आयनांना ओल्या जखमेतून सोपी वाट मिळते आणि ते तिकडे धावतात. चारी बाजूंनी प्रवाह जखमेकडे येतो आणि तिच्यातून बाहेर पडतो. जखमेचा मध्य बनतो ऋण टोक. भोवतालची शाबूत कातडी पंप चालवतच राहते, त्यामुळे प्रवाह एका क्षणात विझत नाही, जखम उघडी आहे तोवर टिकतो. आमच्याकडे शॉर्ट झाला की ब्रेकर उडतो आणि सगळा भाग अंधारात जातो. इथे तोच शॉर्ट दुरुस्ती पथकाला फॉल्टची जागा दाखवतो. पस्तीस वर्षं फॉल्ट शोधण्यात घालवलेल्या माणसाला ही रचना बघून काय वाटलं असेल!

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात लायोनेल जॅफी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये गिनीपिगच्या कातडीवर हे मोजलं. जखमेच्या कडेशी दर मिलिमीटरला १०० ते २०० मिलिव्होल्ट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मीटरच्या हिशोबात मांडा: मीटरमागे १०० ते २०० व्होल्ट. पेशीच्या दृष्टीने हा चांगला सणसणीत उतार आहे.

त्या निबंधावर नाव असलेले अँथनी बार्कर इंग्लंडमधल्या शेफील्डचे. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात सिंथिया इलिंगवर्थ या डॉक्टरांनी १९७४ मध्ये एक गोष्ट नोंदवली होती. दारात वगैरे सापडून लहान मुलांच्या बोटाचं टोक तुटलं, तुटलेली जागा शेवटच्या सांध्याच्या पुढे असली, आणि टाके न घालता नुसतं स्वच्छ ड्रेसिंग करत राहिलं, तर टोक पुन्हा वाढतं. नखासकट! बार्कर आणि इलिंगवर्थ यांनी १९८० मध्ये अशा बोटांतून बाहेर पडणारा करंट मोजला, चौरस सेंटिमीटरला १० ते ३० मायक्रोअँपिअर. हेच बार्कर पुढे १९८५ मध्ये चुंबकाने मेंदूला बाहेरून चेतना देणाऱ्या यंत्राचे एक जनक झाले. हे जाता जाता सांगितलं, पण मला ते कळलं तेव्हा मी भाच्याला रात्री साडेअकराला फोन केला होता.

करंट आहे, मान्य. पण पेशींना त्याचं काय? आमच्या तारेतून करंट जातो म्हणून तारेवर बसलेले कावळे त्याच दिशेला चालत सुटत नाहीत. याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलं. भाच्याने एक चित्रफीत पाठवली. काचेच्या बशीत कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी. कित्येक तासांचं चित्रण मिनिटभरात बसवलेलं. सुरुवातीला प्रत्येक पेशी आपल्या मनाने इकडेतिकडे चाचपडते आहे. मग बशीत जखमेएवढंच सौम्य विद्युतक्षेत्र चालू होतं. हळूहळू एकेका पेशीची एक कड पातळ होऊन पंख्यासारखी पसरते, ती ऋण टोकाच्या बाजूला, आणि पेशी मागून ओढली जाते. थोड्याच वेळात सगळा घोळका एका दिशेने निघालेला. मग प्रयोग करणाऱ्याने टोकं उलटी केली. घोळका थबकला. पुढचा पंखा आक्रसला, मागच्या बाजूला नवा फुटला, आणि सगळ्या पेशी आल्या वाटेने उलट चालू लागल्या. मी ती चित्रफीत अक्काला दाखवली, शेजारच्या बारावीतल्या मुलाला दाखवली, दूध द्यायला येणाऱ्या दादालाही थांबवून दाखवली.

यातलं सगळ्यात मोठं काम २००६ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे मिन झाओ, कॉलिन मॅकेग आणि इतर सहकारी. मोकळी कड, शेजारच्या पेशींचा दाब, रासायनिक संदेश अशा किती तरी खुणा पेशींना जखमेकडे नेतात, हे आधीपासून माहीत होतं. या मंडळींनी त्या खुणांच्या विरुद्ध दिशेने विद्युतक्षेत्र लावलं. पेशी विजेच्या मागे गेल्या! समोर जखम उघडी दिसत असताना तिच्याकडे पाठ फिरवून गेल्या. शिवाय पेशीच्या आत हा हुकूम पोचवणारी दोन जनुकंही त्यांनी दाखवून दिली. एक काढून टाकलं की पेशी विजेला नीट दाद देईनात. दुसरं, पीटेन नावाचं, काढलं की आणखी जोरात दाद देऊ लागल्या. पीटेन हे कर्करोगाच्या अभ्यासात नेहमी ऐकू येणारं नाव आहे. ते या कथेत निघेल असं कुणाच्या ध्यानीमनी असेल?

एक घरगुती समज मला याच वाचनात पारखायला मिळाला. "जखम उघडी ठेव, हवा लागू दे, सुकू दे" असं आपल्याकडे सर्रास सांगतात. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी कातडी कोरड्या जखमेपेक्षा भराभर चढते. याची कारणं बरीच आहेत. पण जॅफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक जोडलं: जखम वाळून खपली धरली की करंटची वाटच बंद होते. वाळलेली खपली म्हणजे चांगला इन्सुलेटर. ओलाव्याशिवाय सर्किट पुरं होणार कसं?

अक्काच्या जखमेचं काय झालं, हे आता सगळे विचारतात. मॅडम दर आठवड्याला जखमेवर स्वच्छ पारदर्शक कागद ठेवून पेनाने तिची कड गिरवायच्या, तारीख घालायच्या आणि मग खालच्या आलेखावरचे चौकोन मोजायच्या. ते कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले की आतआत सरकत गेलेल्या रेघा दिसतात. आधी पांढरी कड गुलाबी झाली, मग खळगा भरून वर आला, मग कडेने नवी कातडी आत सरकू लागली, पातळ, चकचकीत. काही आठवड्यांनी जखम मिटली. आता हे करंटमुळे, की घट्ट पट्टीमुळे, की दोन्हींमुळे? एका पायावरून हे ठरवता येत नाही, आणि मी ठरवणारही नाही. त्यासाठी शिस्तीत केलेल्या चाचण्या लागतात.

त्या झालेल्या आहेत. अमेरिकेतल्या ल्यूथर क्लॉथ आणि जेफ्री फीडर यांनी १९८८ मध्ये १६ रुग्णांवर केलेली चाचणी या क्षेत्रात सगळे सांगतात. अंथरुणाला खिळलेल्यांना होणारे खोल बेडसोर. नऊ जणांना खरा करंट, सात जणांना इलेक्ट्रोड लावले पण मशीनमधून काही सोडलं नाही. नऊच्या नऊ जखमा भरल्या, सरासरी सात आठवड्यांच्या थोडं पुढे. बाकीच्या सातांच्या जखमांचं सरासरी क्षेत्रफळ उलट वाढलं. चाचणी लहान आहे, हे खरं. म्हणून मी अनेक चाचण्या एकत्र तपासणारा २०२० चा कॉक्रेन आढावा शोधला. बेडसोरवरच्या २० चाचण्या, ९१३ रुग्ण. निष्कर्ष असा की करंट दिलेल्यांत जखम पूर्ण भरण्याचं प्रमाण न दिलेल्यांच्या बहुधा दुप्पट. "बहुधा" हा त्यांचा शब्द मला फार आवडला. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्यानेही २००३ पासून न भरणाऱ्या जखमांसाठी हा उपचार मान्य केला आहे. अट अशी की नेहमीचे उपचार महिनाभर करूनही फरक पडलेला नसावा, आणि करंट जाणकाराच्या देखरेखीखाली दिला जावा.

ती देखरेखीची अट मीही मोठ्या अक्षरांत लिहीन. घरातलं दुखण्यावरचं मशीन काढून जखमेला लावण्याचा विचारही करू नका. जखमेत किंवा जवळ कर्करोग असेल, हाडापर्यंत पू गेला असेल, पेसमेकर बसवलेला असेल, तर हा उपचार करत नाहीत. आयोडीन किंवा चांदीचं मलम आधी धुऊन काढावं लागतं, कारण करंटबरोबर ते आयन आत ओढले जातात. मॅडम पहिल्या दिवशी एवढ्या बारकाईने का धूत होत्या, ते मला नंतर कळलं. आणि शुगर, रक्तपुरवठा, पायावरचा भार ही मूळ कारणं सुटली नाहीत तर नुसता करंट काय करणार?

पण पुढे काय येतंय ते बघा! २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने अशी पट्टी दाखवली की ती जखमेचं तापमान आणि विद्युतरोध स्वतः मोजते आणि गरजेप्रमाणे करंट देते. उंदरांच्या जखमा २५ टक्के लवकर भरल्या. पुढच्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गिलर्मो अमीर यांच्या पट्टीने मधुमेही उंदरांच्या जखमा ३० टक्के लवकर भरल्या. तिच्यातलं इलेक्ट्रोड मॉलिब्डेनमचं, काम झालं की शरीरातच विरघळणारं, ओढून काढताना नवी कातडी फाटायला नको म्हणून. त्याच वर्षी स्वीडन आणि जर्मनीतल्या संशोधकांनी मधुमेहाची लक्षणं दिलेल्या कातडीच्या पेशी काचेवर वाढवल्या. वीज दिल्यावर त्या जवळजवळ निरोगी पेशींच्या वेगाने चालल्या. आपल्या देशात दहा कोटींच्या वर माणसांना मधुमेह आहे. पायाच्या जखमेपायी अंगठा, पाऊल, गुडघ्याखालचा पाय गमावलेलं माणूस आपल्यापैकी कुणाच्या नात्यात नाही? त्यांच्यासाठी हे काम पट्टीच्या रूपात गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत यावं, एवढी माझी तळमळ आहे.

वयाचीही एक गोष्ट आहे. रिचर्ड नुचितेली आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या कातडीवर बारीक टोचणी करून, कातडीला स्पर्श न करणाऱ्या उपकरणाने, जखमेजवळचं विद्युतक्षेत्र मोजलं. १८ ते २५ वयाच्या तरुणांत ते ६५ ते ८० वयाच्या लोकांपेक्षा जवळजवळ दीडपट निघालं. मुलांचं खरचटलेलं चार दिवसांत बुजतं आणि आमचं रेंगाळतं, त्यामागे ही उतरलेली बॅटरीही असणार, असं ते वाचल्यापासून मला वाटतं.

सध्या मी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथून २०१३ मध्ये आलेल्या एका निबंधात अडकलो आहे. मिन झाओ आता तिथे असतात. माशाच्या खवल्यावरच्या पेशी फार चपळ. विद्युतक्षेत्र लावलं की त्या ऋण टोकाकडे धावतात. पण या पेशींचे कधी कधी तुकडे पडतात, आणि त्या तुकड्यांत केंद्रकच नसतं. म्हणजे जनुकं नाहीत, हुकूम देणारं मुख्यालय नाही. तरीही ते चालतात. त्यांनाही वीज कळते. आणि ते नेमके उलट, धन टोकाकडे जातात! एकाच पेशीत दोन दिशांच्या दोन यंत्रणा आहेत आणि अखंड पेशीत एकीची दुसरीवर कुरघोडी होते, असं ते म्हणतात. पण केंद्रकाशिवाय दिशा कळते ती कशी? भाच्याला विचारलं, मॅडमना विचारलं, आता शेजारचा बारावीतला मुलगाही माझ्याबरोबर वाचायला बसतो.